क्रिएटिनिन १.३२ आलंय. घाबरू की नको?

मधलीसुट्टी | ५ फेब्रुवारी, रात्री ९.१२

वार्षिक तपासणीचा रिपोर्ट काल फोनवर आला. कोलेस्टेरॉलकडे बघून न बघितल्यासारखं करणार होतो (ते दरवर्षीचंच रडगाणं), तर खालच्या पानावर किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३२ ठळक अक्षरात आणि शेजारी 'एच'. मर्यादा ०.७ ते १.३. म्हणजे ०.०२ ने नापास.

त्याच पानावर युरिया ४८, बीयूएन २२.४, युरिक ॲसिड ७.४ आणि ईजीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग म्हणे) ६७. ईजीएफआरखाली बारीक अक्षरात "६० ते ८९ : सौम्य घट" असं छापलंय. धाकट्याने पान बघितलं आणि म्हणाला, "६७ म्हणजे फर्स्ट क्लास ना?" त्याला हो म्हटलं, पण रात्रभर झोप नाही.

वय ४६, मधुमेह नाही, घरात कुणाला किडनीचा आजार नाही. बीपी तपासणीत १३८/८८ निघालं, पण ॲप्रन घातलेला माणूस दिसला की माझं वाढतंच, त्यामुळे ते सोडा. पायाला सूज नाही, लघवी व्यवस्थित. प्रश्न एवढाच : ६७ म्हणजे माझी ३३ टक्के किडनी गेली का? आणि गेलेली परत येते का?

टिंबटिंब | रात्री ९.२०

फर्स्ट क्लासच. पेढे कधी?

(विनोद सोडा. जाणकार येतीलच. वाचनखूण साठवतो, माझाही रिपोर्ट कपाटात पडलाय आणि उघडायची हिंमत नाही.)

हातचा_एक | रात्री ९.४१

अजिबात घाबरू नका. माझं दोन वर्षांपूर्वी १.६ होतं. एका वैद्यांनी पावडर दिली, तीन महिन्यांत १.१. आता रोज पाच लिटर पाणी पितो. किडनी म्हणजे गाळणी हो, गाळणीतून पाणी सोडलं की ती साफ होते. साधी गोष्ट आहे.

परीक्षानळी | रात्री १०.०५

गेली अनेक वर्षं प्रयोगशाळेत आहे म्हणून लिहिते.

मसु (मधलीसुट्टी), आधी एक गंमत. युरिया आणि बीयूएन या दोन वेगळ्या तपासण्या नाहीत. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणा, युरिया मिळतो. तुमचे २२.४ गुणून बघा, ४८ येतील. एकाच माणसाचे दोन फोटो आहेत ते, तुम्ही दोन आरोपी समजून घाबरलात.

दुसरं, ०.७ ते १.३ ही मर्यादा निरोगी लोकांपैकी साधारण ९५ टक्के लोक जिथे बसतात तिथे आखलेली असते. म्हणजे धडधाकट माणसांतले वीसात एक जण रेषेबाहेर असणारच. ०.०२ वर 'एच' छापतो तो संगणक, त्याला तारतम्य नसतं.

तिसरं, तपासणीची पद्धत. बऱ्याच ठिकाणी अजून याफे यांची पद्धत चालते. माक्स याफे यांनी १८८६ साली पिक्रिक ॲसिडची ही अभिक्रिया नोंदवली, लालसर केशरी रंग येतो आणि रंगाच्या गडदपणावरून आकडा काढतात. स्वस्त आहे, पण रक्तातली कीटोन द्रव्यं किंवा फार वाढलेली साखरही तोच रंग थोडा गडद करतात. दुसरी पद्धत एन्झाइमची, ती जास्त नेमकी. म्हणून एका ठिकाणचा १.२ आणि दुसऱ्या ठिकाणचा १.३ शेजारी ठेवून "वाढलं हो" म्हणू नये. एकच प्रयोगशाळा धरा.

आता माझे प्रश्न. आदल्या दिवशी व्यायाम? आदल्या रात्री भरपूर मांसाहार? पाणी किती तास नाही प्यायलात? व्यायामशाळेतली कुठली पावडर? आणि मागचा रिपोर्ट कुठाय?

मधलीसुट्टी | रात्री १०.३१

अं... आठ महिने जिमला जातो. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पायांचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी जिने उतरताना कठड्याला धरून उतरलो इतका. पावडर म्हणाल तर क्रिएटीन, रोज ५ ग्रॅम. ट्रेनर म्हणाला सगळेच घेतात. आणि "उपाशीपोटी या" म्हणाले होते, म्हणून रात्री आठपासून पाण्याचा थेंब नाही. रक्त घेतलं सकाळी सव्वानऊला.

मागचा रिपोर्ट शोधला. दोन वर्षांपूर्वी १.०५, ईजीएफआर ९०. तेव्हा जिम नव्हती.

परीक्षानळी | रात्री १०.३८

_/\_

उपाशीपोटी म्हणजे अन्न नाही. पाणी प्यायचं असतं हो. रोज दहा जण असे कोरडे ठणठणीत येतात आणि वर शीरही सापडत नाही.

टिंबटिंब | रात्री १०.४०

क्रिएटीन खाऊन क्रिएटिनिन मोजायला गेले. मीठ खाऊन "तहान का लागली" विचारण्यातला प्रकार.

आडवाट | ६ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

परीक्षानळींनी निम्मं काम केलं, उरलेलं मी करतो. (नवीन सदस्यांसाठी : मी डॉक्टर आहे, किडनीचेच रुग्ण बघतो, पण इथे कुणाचं निदान करत नाही.)

क्रिएटिनिन हा स्नायूंचा रोजचा कचरा. स्नायू जितके, तितका कचरा, आणि किडनी तो रोज बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो : कचरा किती तयार होतो आणि सफाई किती होते. आपल्याला जाणून घ्यायची असते सफाई, मोजतो मात्र उरलेला कचरा. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

ईजीएफआर मोजलेला नसतो, तुमचं क्रिएटिनिन, वय आणि लिंग घालून सूत्राने काढलेला अंदाज असतो. बहुतेक ठिकाणी आता २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र वापरतात. क्रिएटिनिन १.२ घ्या. पंचवीस वर्षांच्या पुरुषाला सूत्र ८६ देतं. सत्तर वर्षांच्या बाईला त्याच १.२ वर ४९. आकडा तोच, एकाला "जा, खेळ" म्हणायचं आणि दुसरीला "बसा, जरा बोलू". प्रयोगशाळेच्या मर्यादेत मात्र दोघंही बऱ्यापैकी सारखे दिसतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे हे नातं सरळ रेषेचं नाही. सफाई निम्मी झाली की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. ०.६ चं १.२ झालं तर 'एच' येत नाही, कुणाचं लक्ष जात नाही, पण निम्मी किडनी गेलेली असू शकते. उलट ४ चं ४.६ झालं की घरात रडारड, आणि प्रत्यक्षात तिथे सफाईचे दोन-तीनच एकक कमी झालेले असतात. पडझडीचा मोठा भाग आकडा गप्प असतानाच होऊन जातो. म्हणून मी रुग्णांना सांगतो, छापील मर्यादेशी तुलना नंतर करा, आधी स्वतःच्या जुन्या आकड्याशी करा. जुने रिपोर्ट फेकू नका.

मसुंच्या मूळ प्रश्नाबद्दल : नाही, ६७ म्हणजे ६७ टक्के नव्हे. एकक आहे मिनिटाला मिलिलिटर, शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागामागे. निरोगी तरुणाचा शंभर-एकशेवीस असतो, चाळिशीनंतर वर्षाला साधारण एकने उतरतो. आणि ६० ते ८९ या पट्ट्याला आजार म्हणायचं असेल तर दुसरा पुरावा लागतो : लघवीतून प्रथिन जातंय, सोनोग्राफीत दोष आहे, असं काहीतरी, आणि तेही तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं. एका सकाळच्या एका नळीवर किडनीचा आजार ठरत नाही.

आठवडाभर जड व्यायाम नको, क्रिएटीन दोन-तीन आठवडे बंद (त्याचंच शरीरात क्रिएटिनिन होतं), पाणी नेहमीसारखं, मग पुन्हा तपासा. आणि सोबत लघवीचा एसीआर करा. तुमच्या पॅकेजमध्ये तो नसणार, बहुतेक पॅकेजमध्ये नसतोच.

हातचा_एक | सकाळी ८.१५

डॉक्टर, एवढं लांबलचक लिहिलंत पण पाणी आणि पावडर याबद्दल अवाक्षर नाही. माझं १.६ चं १.१ झालं हे सत्य आहे. रिपोर्ट आहेत माझ्याकडे.

दुधी_भोपळा | सकाळी ९.०२

एसीआर म्हणजे काय ते कुणी सोप्यात सांगेल का? की तोही फर्स्ट क्लास असतो?

चौथा_मजला | सकाळी ९.४४

मी सांगते, कारण माझं सगळं प्रकरणच एसीआरचं आहे.

मधुमेह अकरा वर्षं. दरवर्षी क्रिएटिनिन ०.८, दरवर्षी "किडनी उत्तम आहे". मागच्या वर्षी नवीन डॉक्टर मिळाले. त्यांनी रिपोर्ट चाळले आणि विचारलं, लघवी कुठाय? मला वाटलं नमुना मागताहेत. ते म्हणत होते, अकरा वर्षांत लघवीतलं अल्ब्युमिन एकदाही का नाही तपासलं? तपासलं तर २१०. तीसच्या आत असायला हवं, तीस ते तीनशे मध्यम, त्यापुढे जास्त. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन गेलं, असं ते गुणोत्तर असतं. लघवी पातळ असो की दाट, गुणोत्तर असल्यामुळे फरक पडत नाही.

म्हणजे गाळणीची भोकं मोठी झाली होती, पण गाळायचा वेग अजून छान होता. क्रिएटिनिन वेग सांगतं, भोकांबद्दल काही बोलत नाही.

फेस मात्र मला वर्षभर दिसत होता. फ्लश केल्यावरही कडेला साबणासारखा चिकटून राहायचा. मी संडास धुवायचं लिक्विड बदललं!

आडवाट | सकाळी १०.१०

चौथा_मजला, यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं. पुस्ती : पहाटेची पहिली लघवी उत्तम. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी, आदल्या दिवशीचा जबर व्यायाम, यांत आकडा खोटा वाढतो. एकदा वाढलेला आला तर तीन महिन्यांत पुन्हा दोनदा बघायचा, तिनांत दोनदा आला तर खरा. नुसत्या पट्टीने केलेल्या साध्या लघवी तपासणीत सुरुवातीची गळती सुटून जाते. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा एसीआर हवाच.

चौथा_मजला | सकाळी १०.२५

पुढचंही सांगते, कुणाला उपयोग होईल. मला डापाग्लिफ्लोझिन नावाची मधुमेहाची गोळी सुरू केली. महिन्याने ईजीएफआर ९२ चा ८४. माझ्या पोटात गोळा. पण डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिलं होतं : "पहिल्या महिन्यात थोडा उतरेल, घाबरून बंद करू नका." खरंच तिथेच थांबला, आणि एसीआर आता ७० वर आलाय. ते कागदावर लिहिलं नसतं ना, तर मी गोळी त्याच रात्री बंद केली असती.

आडवाट | सकाळी १०.४०

या गोळ्या गाळणीवरचा दाब कमी करतात, म्हणून आकडा आधी उतरतो आणि नंतर घसरण मंदावते. २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत मधुमेह नसलेल्या किडनी रुग्णांनाही फायदा दिसला. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांच्या गटांचंही तसंच : पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी सहसा चालवून घेतात, पोटॅशियमवर डोळा ठेवून. त्यापुढे गेलं तर शोध घ्यायचा.

वाळूचे_घड्याळ | सकाळी ११.३०

मी जरा उलट्या बाजूने बोलणार आहे. राग मानू नका.

माझी आई ७८ वर्षांची. क्रिएटिनिन १.०६, ईजीएफआर ५४. सहा वर्षं तिथेच, एसीआर स्वच्छ. पण ५४ म्हणजे तुमच्या तक्त्यात "३ अ, दीर्घकालीन किडनी आजार". एका नवीन डॉक्टरांनी तो शब्द तिच्यासमोर उच्चारला आणि घरात सुतक आलं. मामाने कुठूनतरी तक्ता आणला आणि आईची प्रथिनं जवळजवळ बंद झाली. सहा महिन्यांत क्रिएटिनिन ०.८८, ईजीएफआर ६७! मामा सगळ्यांना फोन करून सांगत सुटला.

त्याच आठवड्यात आईची अंगठी भांडी घासताना बोटातून निसटून गेली. वजन ५१ चं ४५ झालं होतं. किडनी सुधारली नव्हती, आईचे स्नायू गेले होते. कचरा करणारेच कमी झाले तर कचरा कमी दिसणार.

म्हणून विचारते, म्हाताऱ्या माणसाच्या वयाला शोभणाऱ्या आकड्याला आजाराचं नाव देऊन काय साधतं?

आडवाट | दुपारी १.१५

राग कसला, हा वाद आमच्या क्षेत्रातही चालू आहे. वयानुसार उंबरठा बदलावा असं म्हणणारे तज्ज्ञ आहेत. मी तिथे थोडा मधला आहे : ५४ आणि स्वच्छ एसीआर असलेल्या ७८ वर्षांच्या बाईंना मी "आजार" हा शब्द वापरत नाही, पण आकडा फाइलवर मोठ्या अक्षरात लिहितो. कारण उद्या कुणी त्यांना वेदनाशामक किंवा काही प्रतिजैविकं देईल, तेव्हा मात्रा ठरवणाऱ्याला तो दिसायला हवा. शब्द रुग्णासाठी नको, डॉक्टरसाठी हवा.

स्नायू फार कमी किंवा फार जास्त असतील तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. (थायरॉइड आणि स्टिरॉइडने मात्र हलते. बिनदोष तपासणी नसतेच.) तुमच्या आईंच्या बाबतीत ती केली असती तर मामांचे फोनचे पैसे वाचले असते.

प्रथिनं बंद करणं हे घरी ठरवायचं काम नव्हे. आता कशा आहेत?

वाळूचे_घड्याळ | दुपारी १.३०

४९ किलो. अंगठी नाही सापडली.

उजवी_दिली | दुपारी ३.००

मी नऊ वर्षांपूर्वी भावाला किडनी दिली. देण्यापूर्वी ईजीएफआर १०६, आता एका किडनीवर ६४, वय ५२. पुढची दहा मिनिटं दर नवीन डॉक्टरकडे तीच : ते रिपोर्ट बघून गंभीर होतात, मी पोटावरची खूण दाखवते, ते हसतात. मसु, ६७ ने तुमची झोप उडाली, मी ६४ वर डोंगर चढून येते. (भाऊ मागे दम खात बसलेला असतो.)

निम्मी दिली तर १०६ चे ५३ व्हायला हवे होते ना? उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि जादा काम उचलते. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन (गाळण्याचे सूक्ष्म घटक) असतात, ते नवे तयार होत नाहीत, आहेत तेच जास्त राबतात. म्हणून मला वर्षातून एकदा बीपी, एसीआर, क्रिएटिनिन चुकवायची परवानगी नाही.

टिंबटिंब | दुपारी ३.०५

आमच्या ऑफिससारखंच. निम्मे सोडून गेले, उरलेले "थोडे मोठे" झालो.

कडूगोळी | रात्री ८.४०

किडनी जपा म्हणजे काय करा, यावर अजून कुणी वेदनाशामकांचं नाव मोठ्याने घेतलं नाही. मी घेतो.

बाबांना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवीची गोळी. दोन्ही योग्य. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, ते स्वतःच आणायचे, "साधी गोळी" म्हणून. हे त्रिकूट वर्षभर निभावलं. मग जुलाब झाले, दोन दिवस. उलटी नव्हती, म्हणून दवाखान्यात नेलं नाही. तिन्ही गोळ्या डबीतून रोजच्या रोज चालू. मीच हातावर ठेवत होतो. चौथ्या दिवशी लघवी जवळपास नाही. क्रिएटिनिन ३.८. त्याआधी १.१.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाळणीत येणारी नळी आणि जाणारी नळी. वेदनाशामक येणारी आवळतं, बीपीची गोळी जाणारी सैल करते, जुलाब आणि लघवीची गोळी मिळून पाणीच पळवतात. तिन्ही एकदम झालं की गाळणीत दाब उरत नाही. सलाईन, गोळ्या बंद, दहा दिवस. १.४ वर आले, त्याखाली कधी आले नाहीत.

आता डबीच्या झाकणावर चिठ्ठी आहे : "जुलाब, उलट्या, ताप आणि जेवण नाही : कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते फोन करून विचार." डॉक्टरांचा नंबर खाली. बाबा म्हणतात अक्षर घाण आहे.

हातचा_एक | रात्री ९.१०

कडूगोळी, वाचून गप्प झालो. बाबांना नमस्कार सांगा.

एक कबूल करतो. मला १.६ होतं तेव्हा पाठदुखीसाठी रोज दोन वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. वैद्यांनी पावडर देताना पहिली अट घातली होती, त्या गोळ्या बंद. मी विसरूनच गेलो होतो.

परीक्षानळी | रात्री ९.१५

मग वैद्यांनी खरं औषध तोंडी दिलं की! पुडीतलं कशाला, हे देव जाणे.

हातचा_एक | रात्री ९.१८

असू शकतं. पण पावडर वनस्पतींची आहे, अपाय तर नाही ना?

आडवाट | रात्री १०.२०

वैद्यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता, तेवढा मी वाखाणतो. पुडीबद्दल प्रश्न एकच : आत काय आहे हे लिहिलंय का?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या एका उपचारात चुकून वेगळीच वनस्पती गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडने तरुण बायकांच्या किडन्या महिन्या-वर्षांत निकामी झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. वनस्पतीच होती ती. शिसं, पारा सापडलेल्या पुड्यांवरही लिहिलं गेलंय. आणि सध्याची नवी फॅशन, कच्च्या पालेभाज्यांचे लिटर-लिटर रस आणि क जीवनसत्त्वाचे मोठे डोस : त्यातून ऑक्झलेटचे खडे किडनीच्या मांसात जाऊन बसल्याच्या नोंदी आहेत.

आता पाणी. किडनी पाण्याने विसळून निघत नाही. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि दीड-दोन लिटर सोडून सगळा परत ओढून घेते. तुमचे जादा तीन लिटर त्या १८० पुढे काय? कॅनडात किडनी रुग्णांना जास्त पाणी प्यायला लावून वर्षभर पाहिलं, निकाल २०१८ साली आला. घसरणीत फरक नाही. मुतखडा होणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावंच. हृदय कमजोर असेल किंवा किडनी बरीच उतरली असेल तर पाच लिटर धोक्याचे. बाकीच्यांनी तहान लागली की प्यावं, उन्हात जास्त. लघवी फिकट पिवळी दिसली की झालं.

खारट | रात्री १०.४५

मिठाचं राहिलं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, तेही सगळ्या पाकिटबंद खाण्यातलं धरून. हे सगळ्यांना माहीत आहे. पण माझी चूक ऐका. बीपी आणि किडनी दोन्हीचा रुग्ण असल्याने मी शहाणपणा करून 'कमी सोडियमचं' मीठ आणलं. चव तीच, मस्त. पोटॅशियम ६.१! सोडियमच्या जागी त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, पाकिटाच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात. किडनी ठणठणीत असेल तर ते मीठ चांगलंच, पण उतरलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो.

परीक्षानळी | रात्री १०.५५

+१. आणि पोटॅशियम अचानक वाढलेलं आलं, बाकी सगळं ठीक, तर नमुना पुन्हा द्या. सुई ओढताना पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम सांडतं. पण पुन्हा द्या म्हणजे आजच द्या, पुढच्या महिन्यात नाही.

नदीकाठ | ७ फेब्रुवारी, पहाटे ५.३०

डायलिसिसच्या खुर्चीवरून लिहितोय. आठवड्यातून तीनदा, चार तास. मला काहीही त्रास नव्हता. पाय दुखत नव्हते, लघवी भरपूर होती. जेवण नकोसं झालं आणि तोंडाला धातूची चव यायला लागली तेव्हा तपासलं, ईजीएफआर ९. "लघवी व्यवस्थित होते" हे वाक्य इथे तीनदा वाचलं म्हणून लिहिलं. माझीही होत होती. बीपी दहा वर्षं १६०, गोळी घेतली की डोकं जड वाटायचं म्हणून सोडलेली.

उजवी_दिली | सकाळी ७.००

नदीकाठ, आज किती तास राहिले? लिहीत राहा, आम्ही आहोत.

नदीकाठ | सकाळी ७.०४

अडीच. शेजारचे काका घोरताहेत, मशीनपेक्षा मोठा आवाज.

मधलीसुट्टी | २८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१०

मंडळी, निकाल लागला! तीन आठवडे क्रिएटीन बंद, आठवडाभर फक्त चालणं, सकाळी पाणी पिऊन गेलो, त्याच प्रयोगशाळेत. क्रिएटिनिन १.०८, ईजीएफआर ८६, युरिया २९, एसीआर ११. धाकटा म्हणतो डिस्टिंक्शन. युरिक ॲसिड ६.९, त्याबद्दल डॉक्टर म्हणाले संधिवात नाही, खडा नाही, सोडून द्या.

सगळ्यांचे आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

आडवाट | संध्याकाळी ७.३५

अभिनंदन. बंद करण्याआधी : पहिल्या पोस्टमध्ये १३८/८८ लिहून "ते सोडा" म्हणाला होतात. आम्ही सगळे तीन आठवडे ०.०२ वर भांडलो आणि ते सोडलं. घरी मोजलंत का?

मधलीसुट्टी | संध्याकाळी ७.५०

नाही हो. डॉक्टरला बघून वाढतं ते, सांगितलं ना.

नदीकाठ | संध्याकाळी ७.५२

मोजा.

मधलीसुट्टी | ९ मार्च, रात्री ९.३०

मोजलं. आडवाटांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं : पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, मध्ये बोलायचं नाही. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी १४२/९१. घरात ॲप्रन घातलेलं कुणी नव्हतं.

आडवाट | रात्री ९.४५

घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर म्हणजे बीपी आहे. मधुमेहाच्या जोडीने किडनी खाणारा हाच. सापडला, हे उत्तम झालं. आता तुमच्या डॉक्टरांकडे हाच तक्ता घेऊन जा, नुसता आकडा सांगू नका. आणि गोळी लागली तर डोकं जड झालं म्हणून सोडू नका, बदलून मागा.

मधलीसुट्टी | रात्री ९.५८

उद्या सकाळची वेळ घेतलीय. जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी बायकोने उचलली. जिम चालू आहे, क्रिएटीनचा डबा ट्रेनरला परत.

निळी_छत्री | १० मार्च, दुपारी १२.२०

नमस्कार, नवीन सदस्य आहे. धागा खूप मोठा आहे म्हणून पूर्ण वाचला नाही. माझं क्रिएटिनिन १.१८ आलंय, तर ती पावडर कुठली ते सांगाल का?

टिंबटिंब | दुपारी १२.२१

हातचा_एक, तुमच्यासाठी आहे.

हातचा_एक | दुपारी १२.४०

आधी सांगा, वेदनाशामक गोळ्या घेता का?

परीक्षानळी | दुपारी १२.४४

आणि वय किती? मागचा रिपोर्ट आहे का? टाका इथे.